दुसऱ्या कडव्यानंतरचा पक्षी

"हा शेरा माझा नाहीये. तुमच्याकडून पाकिटं बदललीयत," तिने तिसऱ्यांदा सांगितलं.

फोन स्पीकरवर होता आणि आवाज होता तेवढा सगळा चढवलेला. पलीकडे गीतस्पर्धेच्या कार्यालयातला माणूस होता, सकाळपासून असेच फोन घेऊन वैतागलेला.

"ताई, प्रवेशिकेचा क्रमांक वाचा."

"दोनशे अठरा."

"गाण्याचं नाव?"

"उजेडापुढून."

"मग तुमचाच आहे. अहो, पहिल्या बारांत आलायत तुम्ही. लोक भांडायला फोन करतात, ते नाव नाही आलं म्हणून!"

"पण तिसऱ्या परीक्षकांनी पक्ष्याचं लिहिलंय. माझ्या गाण्यात पक्षी नाही. शब्दांत नाही, चालीत नाही."

"वाचा बरं."

तिने वाचलं. "दुसऱ्या कडव्यानंतर गायिका थांबते तिथे खिडकीबाहेरचा पक्षी ऐकू येतो. ती गाण्यातली सर्वांत चांगली जागा आहे. अंतिम फेरीत वादकांनी ती भरू नये."

"परीक्षक काही कानात बोळे घालून बसत नाहीत हो. थांबा, तुमचं गाणं लावतो." थोड्या वेळाने तिचाच आवाज फोनमधून आला. दुसरं कडवं संपलं, आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला. "आला ना?"

"कोण?"

"पक्षी, ताई!"

तिने फोन ठेवून दिला.

ती बाटल्या तपासायची. सरबताच्या कारखान्यात धुऊन आलेल्या काचेच्या बाटल्या पट्ट्यावरून एका पांढऱ्या उजेडाच्या तावदानापुढून सरकत, मिनिटाला शंभराच्या वर. तडा गेलेली, तोंडाचा काठ फुटलेली, तळाशी घाण राहिलेली बाटली दिसली की उचलून बाजूला टाकायची. वीस मिनिटं डोळे लावून बसायचं, मग वीस मिनिटं दुसरं काम, की पुन्हा उजेडापुढे. सतरा वर्षं हेच. बाटलीवर बाटली आपटून जो खणखणाट होई, त्यात शेजारची बाई बोलली तर तिच्या ओठांवरून समजून घ्यावं लागे.

त्या खणखणाटाला एक लय होती आणि तिची सगळी गाणी त्या लयीवर बसलेली होती. कारखान्याने कानांत घालायला बोळे दिले होते. डाव्या कानातला ती काढून खिशात टाकायची, म्हणजे लय नीट ऐकू येई. लाइनवरच्या बायका तिला गाणंवाली म्हणत. कौतुकाने की टिंगलीने, ते ज्या त्या दिवसावर असे.

स्पर्धेला ती सहा वर्षं गाणी पाठवत होती. बक्षीस एकदाही नाही. पण प्रवेशिकेची शेवटची तारीख आली की गाणं पुरं करावंच लागे, एरवी ते डोक्यात अर्धवटच लोळत पडलं असतं. आणि दोन महिन्यांनी पाकीट येई, तीन अनोळखी माणसांचे शेरे घेऊन. घरात काहीही गायलं तरी 'छान' म्हणत आणि जेवणाच्या पानावर वाकत. परीक्षक तसे नव्हते. पहिल्या वर्षी एकाने लिहिलं, 'तिसरं कडवं काढून टाका, तुम्हाला जे सांगायचं ते आधीच सांगून झालंय.' तिला दोन दिवस राग आला, तिसऱ्या दिवशी तिने कडवं काढलं. दुसऱ्या वर्षी, 'हे शब्द तुमचे वाटत नाहीत.' नव्हतेच. शेऱ्यांचे कागद तिने कपाटात साड्यांखाली ठेवले होते. शिक्षण असं जे काही तिला मिळालं, ते तेवढंच.

संध्याकाळी तिने लेकीला जवळ बसवलं आणि मोबाइलवर गाणं लावलं. "दुसऱ्या कडव्यानंतर काय ऐकू येतं ते सांग."

लेकीने ऐकलं. "काही नाही. तू थांबतेस. मग पुन्हा गातेस."

तिला हायसं वाटलं. "पक्षी नाही ना?"

"तो आहे की. तो तर सारखाच असतो."

"कुठे?"

"खिडकीत. तू रेकॉर्डिंग करतेस तेव्हा जास्तच ओरडतो. दरवर्षी असतो." लेक तिच्याकडे पाहू लागली. "आई, तुला माहीत नव्हतं?"

उठून ती फ्रिजपाशी गेली, पाण्याची बाटली काढली, प्यायली.

"दार लाव ना," लेक म्हणाली. "वाजतंय."

"काय वाजतंय?"

"फ्रिज! दार उघडं राहिलं की टीं टीं करतो. रोज तूच ठेवतेस आणि बाबा माझ्यावर ओरडतात."

तिने दार लावलं. मग उघडलं, आत डोकं घालून उभी राहिली. गार हवा चेहऱ्याला लागली. फ्रिजची खालची घरघर तिला ऐकू येत होती. दुसरं काहीच नाही. लेक मागून म्हणाली, "वाजतोय. अजून वाजतोय," आणि मग रडायलाच लागली.

नवरा रंगाचे डबे दुकानांत पोचवायचा. त्याने जेवताना सगळं ऐकून घेतलं, हात धुतले, मग बोलला.

"परवा कारखान्यात कानांची तपासणी आहे ना तुमची? दरवर्षीसारखी पास हो आणि विषय संपव."

"आणि नाही झाले तर?"

"तर लाइनवरून काढतील. गोदामात खोकी लावत बसशील, अर्ध्या पगारावर. मग काय त्या स्पर्धावाल्यांना बोलवायचं घर चालवायला? सहा वर्षांत एक कप तरी दिलाय का त्यांनी?"

"अजून दोन-चार वर्षं लाइनवर बसले तर गाणंही जाईल माझं. मीच गायलेलं मला कळणार नाही. त्यांनी निदान सांगितलं तरी."

"त्यांनी सांगितलं! आम्हाला काय स्वप्न पडलं होतं तुला ऐकू येत नाही म्हणून?" तो चिडला, मग आवाज खाली आणून म्हणाला, "आम्हाला वाटायचं, तू लक्ष देत नाहीस. हाक मारली तरी तुझं आपलं गाणं चाललेलं डोक्यात."

तिने ताटं उचलली.

तपासणी कारखान्याच्या दवाखान्यात असायची. कोपऱ्यात मोठ्या कपाटाएवढी एक बंद खोली, तिला काचेची छोटी खिडकी. आत स्टूल. कानांवर हेडफोन लावायचे, हातात बटण धरायचं, आवाज आला की दाबायचं. बाहेर यंत्रापाशी तपासणारी बाई बसे. तिने आवाज सोडायला हात हलवला की खिडकीतून तिचं कोपर हलताना दिसे.

लाइनवर आलेल्या प्रत्येक नव्या बाईला एक जुनी मावशी पहिल्याच वर्षी शिकवून ठेवायची, "आवाजाची वाट बघत बसू नकोस गं. कोपर हललं की दाब." मावशी निवृत्त झाली तेव्हा तिच्याशी बोलायला तोंड कानाजवळ न्यावं लागे, पण तिच्या कागदावर शेवटपर्यंत 'उत्तम' होतं. सगळ्यांच्याच कागदावर होतं. मिनिटाला शंभर बाटल्यांतला केसाएवढा तडा टिपणाऱ्या बायका होत्या त्या. एक कोपर त्यांच्या नजरेतून कसलं सुटतंय?

रांगेत तिच्या पुढची बाई बाहेर आली आणि डोळा मारून म्हणाली, "जा गाणंवाली, आज तुझी मैफल."

ती आत गेली. स्टूल धरून तिने फिरवलं आणि खिडकीकडे पाठ करून बसली.

तपासणाऱ्या बाईने दार उघडलं. "अहो, तोंड इकडे करा."

"तसा नियम आहे?"

"नियम असा नाही. सगळ्या तसंच बसतात."

"मग मी अशी बसते."

बाईने दार धरून ठेवलं. "ताई, घरी विचारलंय ना?"

"तुम्ही सुरू करा."

दार बंद झालं. पुढे फक्त भिंत होती, बारीक भोकांच्या पांढऱ्या तक्त्यांची. पहिला आवाज आला, जाड, दुरून आल्यासारखा. तिने बटण दाबलं. दुसरा आला, तिसरा आला. ती दाबत गेली. चौथा इतका पुसट होता की तिने श्वास धरला आणि खात्री झाल्यावरच दाबलं.

मग काही आलं नाही.

पाठीमागे कोपर हलत असणार, हे तिला माहीत होतं. एकामागून एक आवाज सोडले जात असतील, तिच्यापर्यंत येऊन थांबत असतील. ती ताठ बसून राहिली. अंगठा बटणावर होता. तिने तो दाबला नाही.