दोन सारख्या डिस्क

"हाई लई जा, जब्बारभाई. खिशामा माई जास," शहाद्याच्या दुकानात शांतीलालने चपटी हार्ड डिस्क पुढे सरकवली.

जब्बार पंचवीस वर्षं लग्नांचं शूटिंग करत आला होता. गेल्या महिन्यात प्रकाशा गावच्या मंगलाबाई त्याच्याकडे आल्या. नवरा वारला होता. लेकीच्या लग्नाचं शूटिंग त्यांना पुन्हा हवं होतं. "मन्हाकडे त्यासना फोटू शे. बोलतांना कोठेच नही," त्या म्हणाल्या. जब्बारने जुनी डिस्क लावली. ती नुसती टकटक करत राहिली, उघडली नाही. मंगलाबाई बसस्टँडकडे गेल्या. तेव्हापासून नवी ऑर्डर घेताना जब्बारची जीभ अडखळायची.

मग त्याच्या मुलीने, गजालाने, घरच्या जुन्या कॉम्प्युटरचा सर्व्हर करायचं ठरवलं. कपाटातली सगळी लग्नं एका जागी येणार होती. डिस्क तेवढी निवडायची राहिली होती.

"हाई नको, काका," गजाला शांतीलालला म्हणाली. "हाई कॉम्प्युटरनी लाईट ओढस. आमनं कॉम्प्युटर जुनं शे, रातदिन त्याले झेपाव नही. सोतानी लाईटनी वायरवाली दखाडा."

शांतीलालने मोठा खोका काढला. जब्बारने तो हातात तोलून पाहिला. "मंग हाईच एक लेऊत. जलमभर पुरी."

"आनि बंद पडनी तं?"

जब्बारने खोका खाली ठेवला.

"कोनती बी एक दिन बंद पडीच, अब्बा," गजाला हळू आवाजात म्हणाली. "निम्म्या साईजनी लेऊत, पन दोन. जे हिन्हामा, तेच तिन्हामा."

दोन घेतल्या.

लग्नं उतरवायला अकरा दिवस लागले. जब्बार प्रत्येक डिस्क उघडून बघत बसे. नवव्या दिवशी पडद्यावर प्रकाशा गावातल्याच दुसऱ्या एका लग्नाची पंगत लागली. बट्ट्यांची टोपली घेऊन एक माणूस वाकून आग्रह करत होता. जब्बारने त्याला ओळखलं, मंगलाबाईंचा नवरा. आधी त्याने ते शूटिंग दोन्ही डिस्कवर उतरलं का ते तपासलं आणि मगच मंगलाबाईंना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या, स्टुलावर बसल्या. गजालाने शूटिंग सुरू केलं.

"आखो एक ल्या, पाव्हना. वरन गरम शे," पडद्यावरचा माणूस म्हणाला.

मंगलाबाई रडल्या नाहीत. नवरा खरंच समोर आल्यासारखा त्यांनी घाईने पदर डोक्यावर ओढून घेतला आणि सावरून बसल्या.