नऊ सेकंदांची ताई

मला थांबता येत नाही. लहानपणापासूनच नाही. आई म्हणायची, ही पोरगी पोटातूनसुद्धा तारखेच्या तीन आठवडे आधी बाहेर आली, हिला कुठला धीर. घरात माझं नाव भिंगरी पडलं ते त्यामुळेच. मी कुरिअरच्या काउंटरवर बसते, तिथे हा स्वभाव खपून जातो, उलट साहेब खूश असतात. पार्सल ठेवा, पत्ता दाखवा, सही करा, पुढचे या. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत माझी पावती त्याच्या हातात असते. पण ताईच्या बाबतीत हाच स्वभाव नडला, आणि असा नडला की सांगताना अजून मान वर होत नाही.

ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. शर्ट शिवायची. तिच्या हाताची काजं बघायला इतर शिंपी यायचे, एवढं सांगितलं तरी पुरे. अडीच वर्षांपूर्वी तिला अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात निकामी झाला आणि जीभ जड झाली. म्हणजे बोलते ती, सगळं नीट बोलते, पण दोन शब्दांच्या मध्ये थांबते. पुढचा शब्द सापडेपर्यंत थांबते. भाऊजी बिचारे तेवढा वेळ गप्प बसून वाट बघतात. मी मात्र तिचं वाक्य पुरं करून मोकळी होते. मला वाटायचं, मी तिला मदतच करतेय.

जन्मभर लोकांच्या शर्टांना काजं करून दिलेल्या बाईला स्वतःच्या कुडत्याचं बटण लावता येईना. रोज सकाळी भाऊजी लावून द्यायचे आणि रोज सकाळी ती भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. मग एक दिवस तिने सायकलच्या चाकाची एक तार मागवली. ती तार वाकवून पुढे निमुळता फासा केला, मागे जुन्या कपाटाच्या खणाची लाकडी मूठ बसवली. पक्कड भाऊजींनी धरली, डोकं सगळं तिचं. फासा काजातून पलीकडे घालायचा, बटण त्यात अडकवायचं आणि ओढून अलीकडे घ्यायचं. एका हाताने, तेही डाव्या. तार किती वाकवायची, मूठ केवढी हवी, हे जमेपर्यंत सात महिने गेले. तिने त्या वस्तूला नाव ठेवलं चोच.

ती व्यायामाला जायची त्या फिजिओथेरपी केंद्रातल्या मॅडमनी चोच बघितली आणि त्या खुर्चीतून उठूनच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, याचा एक छोटा व्हिडिओ करून द्या, वस्तू कशी वापरायची ते दाखवणारा. आम्ही तो हॉलमधल्या टीव्हीवर लावू. लोकांना पटलं तर दर बुधवारी तुम्ही इथे येऊन बसा आणि पेशंटना शिकवा. ताईचं पैशावाचून काही अडलं नव्हतं. पण तिचं शिवणाचं दुकान बंद झाल्यापासून तिची कुणी कुठे वाट बघत नव्हतं, आणि ते तिला खात होतं. बुधवार हा शब्द ती त्या दिवसापासून न अडखळता म्हणायला लागली. बुधवारी कुठला कुडता घालायचा तेही ठरवून ठेवलं.

व्हिडिओ मी करणार हे मी लगेच जाहीर करून टाकलं. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ते कबूल करणारी मी नव्हे. आमच्या कुरिअरच्या शेजारी फोटोवाल्या काकांचं दुकान आहे, चाळीस वर्षं पासपोर्टचे फोटो काढतायत. त्यांना विचारलं, नवख्या माणसाने काय काय घ्यावं. त्यांनी माझा फोन हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि म्हणाले, हा बास आहे. खिडकीशी टेबल लाव, पुस्तकांच्या चळतीला फोन टेकव, ताईला करू दे आणि तू गप्प बस. मग म्हणाले, "कापाकापी करू नकोस. जेवढा वेळ लागतो तेवढा दिसू दे." मला वाटलं, म्हाताऱ्याला नवीन काही येत नाही म्हणून असं बोलतोय. त्यांचं बोलणं कानामागे टाकलं.

पुढचे तीन आठवडे मी नुसती वस्तू निवडत होते. कॉलरला लावायचा माइक घेतला. गोल दिवा घेतला, तो ताईच्या डोळ्यांत घुसायला लागला म्हणून परत करून चौकोनी घेतला. स्टँड आणला तो टेबलावर उभा राहीना, दुसरा आणला तो फोन धरीना. व्हिडिओ कापून जोडण्याची पाच अ‍ॅप उतरवली. एकाने पडद्याच्या कोपऱ्यात स्वतःचंच नाव छापलं. दुसऱ्याला माझा कॉम्प्युटर पेलवेना. तिसऱ्यात इतकी बटणं होती की विमान चालवायला बसल्यासारखं वाटायचं. भाऊजी एकदा म्हणाले, चोच बनवायलासुद्धा इतकी हत्यारं लागली नव्हती. मी त्यांना म्हटलं, तुम्ही यात पडू नका.

पाचवं अ‍ॅप मात्र माझ्या मनात भरलं. त्यात एक सोय होती. एक बटण दाबलं की व्हिडिओतल्या सगळ्या मोकळ्या जागा ते आपोआप शोधायचं आणि कापून टाकायचं. कुणी थांबलं, अडखळलं, शब्द शोधत बसलं, की तेवढा भाग गायब. मी ते उगाच माझ्या स्वतःच्या बोलण्यावर करून बघितलं तर कापायला काही सापडेचना, आणि मला त्याचाही अभिमान वाटला. ते अ‍ॅप अगदी माझ्या स्वभावाचं होतं. पसंत पडायला तेवढं पुरलं.

चित्रीकरण रविवारी दुपारी केलं. ताईने निळा कुडता घातला होता, वरची बटणं उघडी, आत पांढरा टी-शर्ट. कॉलरला माइक. ती सावकाश म्हणाली, नमस्कार, ही चोच. मग फासा काजातून घातला. बटण अडकलं, आणि ओढताना सटकलं. मी कॅमेऱ्यामागून हात हलवायला लागले की थांब, पहिल्यापासून करू. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. समोर बघूनच म्हणाली, "बघा... इथे सटकतं. सटकू... द्यायचं. पुन्हा घालायचं." पुन्हा घातलं, पुन्हा सटकलं, तिसऱ्या खेपेला बटण काजातून बाहेर आलं. ताई म्हणाली, झालं. सगळं मिळून बावन्न सेकंद. मला ती बावन्न सेकंद तासाभराएवढी वाटली.

संध्याकाळी मी ते बटण दाबलं. अ‍ॅपने ताईचं थांबणं कापलं. सटकलेलं तेवढं राहिलं होतं, ते मी माझ्या हाताने कापलं. उरली नऊ सेकंद. नमस्कार, ही चोच, तार आत, बटण बाहेर, झालं. इतकं झकास दिसत होतं की मी स्वतःवरच खूश झाले. फोनमध्ये जागा उरली नव्हती, म्हणून मूळचं चित्रीकरण तिथल्या तिथे पुसून टाकलं.

ताईला दाखवलं तेव्हा ती हसली. झटक्यानंतर इतकी मोकळी हसलेली मी बघितली नव्हती. म्हणाली, मी एवढी भराभर करते? मग पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा बघताना हसली नाही. तिने विचारलं, ते मधलं सटकलेलं कुठे गेलं. मी म्हटलं, लोकांना आजकाल तेवढा वेळ नसतो ग. तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि शब्दासाठी थांबली. आणि मी, नेहमीसारखं, वाक्य पुरं केलं. म्हटलं, छान झालंय ना, तेच म्हणत होतीस ना. तिने मान डोलावली. ती तेव्हा काय म्हणणार होती ते मी आजपर्यंत विचारलेलं नाही, विचारायचं धाडसच होत नाही.

मॅडमना व्हिडिओ फारच आवडला. हॉलमधल्या टीव्हीवर तो सकाळ-संध्याकाळ फिरायला लागला. भाऊजींनी वीस चोची करून दिल्या, त्या सगळ्या पेशंटनी घेतल्या. बुधवार ठरला, पंधरा दिवसांनंतरचा. मी काउंटरवर येणाऱ्या-जाणाऱ्याला ताईचा व्हिडिओ दाखवायचे.

मग आठवड्याभरात मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, लोक चोच वापरत नाहीयेत. एकदा करून बघतात, टीव्हीकडे बघतात आणि खिशात टाकतात. एक ड्रायव्हरकाका होते, तीस वर्षं बस चालवलेले, त्यांनी तर ती खिडकीतून बाहेर फेकली. म्हणाले, त्या बाईचं क्षणात होतं, माझं दहा मिनिटांत होत नाही, म्हणजे माझा हात कायमचाच गेला. मॅडमना वाटलं, ताईने समोर बसून शिकवलं की सगळं सुरळीत होईल. मलाही तसंच वाटलं. खरं म्हणजे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी फोन ठेवला आणि पुढच्या पार्सलाकडे वळले.

बुधवारी मी सुट्टी घेऊन तिच्याबरोबर गेले. अर्धवर्तुळात पंधरा-सोळा माणसं बसली होती, बहुतेकांचा एकेक हात एखादी वस्तू ठेवल्यासारखा मांडीवर ठेवलेला. ड्रायव्हरकाका पुढेच होते. त्यांच्या समोर भिंतीवर टीव्ही, त्यावर नऊ सेकंदांची ताई, पुन्हा पुन्हा. खाली खरी ताई. तिने चोच काढली, काजात घातली. बटण सटकलं. पुन्हा घातलं. नवीन जागा, एवढी माणसं, पुन्हा सटकलं. तिला सांगायचं होतं की सटकू द्यायचं असतं, पण शब्द येईना. वर टीव्हीतली ताई झालं म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा झालं म्हणाली. उठून तो टीव्ही बंद करावा एवढंसुद्धा मला सुचलं नाही.

ड्रायव्हरकाका आवाज न चढवता म्हणाले, "म्हणजे आम्हाला फसवलंत तुम्ही, ताई."

तिने बटण लावलं, शेवटी लावलंच. दीड मिनिट लागलं असेल. पण तोपर्यंत कुणी तिच्या हाताकडे बघत नव्हतं, सगळे जमिनीकडे बघत होते. मी उभी राहून म्हणायला हवं होतं की कापलं ते मी, हिने नाही. तोंड चालवायची एवढी सवय असलेली मी, त्या दिवशी माझी दातखीळ बसली. मॅडम आम्हाला दारापर्यंत सोडायला आल्या आणि म्हणाल्या, बुधवारचं आपण सध्या राहू देऊ. रिक्षात ताई बाहेर तोंड करून बसली, सकाळी भाऊजी बटण लावायचे तेव्हा भिंतीकडे तोंड करायची तशी.

दुसऱ्या दिवशी मी फोटोवाल्या काकांकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, मूळ आहे ना तुझ्याकडे, ते दाखव जाऊन केंद्रात. मी म्हटलं, पुसलं. ते चष्मा पुसत बसले. ते चार शब्द बोलले असते तर बरं वाटलं असतं. केंद्रातही जाऊन आले मी. मॅडमना खरं सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, व्हिडिओ काढून टाकला. ड्रायव्हरकाकांनी तोवर यायचं बंद केलं होतं.

मग मी ठरवलं की नवीन व्हिडिओ करायचा, काकांनी सांगितला तसा. त्या बुधवारनंतरच्या तिसऱ्या रविवारी सकाळी आठ जाडजूड पुस्तकं पिशवीत भरून ताईकडे गेले. भाऊजी बाहेर पेपर वाचत होते. त्यांनी आतल्या खोलीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, दोन आठवडे हेच चाललंय, मी सांगून थकलो. आतून आवाज येत होता, ताईचाच, पण न थांबता बोलणारा. नमस्कार, ही चोच, झालं. नमस्कार, ही चोच, झालं.

ती पलंगावर बसली होती. समोर उशीला फोन टेकवलेला. व्हिडिओ सुरू झाला की ती चोच काजात घालायची, त्यातल्या बाईबरोबर. बाईचं झालं की थांबायची, बटण काढायची, पुन्हा सुरू. डाव्या हाताच्या दोन बोटांना चिकटपट्टी लावली होती, तार घासून घासून कातडं गेलं होतं.

मी तिच्या पायाशी खाली बसले. म्हटलं, "ताई, ती तू नाहीयेस ग. मी कापलंय ते. असं कुणालाच जमत नाही, तुला पण नाही जमलं."

"माहीत आहे," ती म्हणाली. मग थांबली. खूप थांबली. तिला काय म्हणायचं असेल ते माझ्या जिभेवर येऊन बसलं होतं, एकाला चार वाक्यं तयार होती. मी दातांखाली ओठ धरला आणि गप्प बसले.

"पण हात... माझाच आहे," ती म्हणाली. "मला दिसतोय."

मी पिशवीतली पुस्तकं काढून दाखवली. म्हटलं, नवीन करू या, आत्ता, जसं होईल तसं, मी एक सेकंदसुद्धा कापणार नाही. तिने पुस्तकांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. माझ्यावर रागावलेली नव्हती ती. रागावली असती तर मी भांडले असते, रडले असते, काहीतरी केलं असतं.

"आत्ता नको," ती म्हणाली. "आधी... हिच्याइतकं... जमू दे."

आणि तिने पुन्हा व्हिडिओ लावला. नऊ सेकंदांनी फोनमधली ताई झालं म्हणाली. पलंगावरची ताई अजून तार काजात घालत होती.