डोकं बसवलेली देवी

मी देवी बोलतेय. माझ्या पोटाला तेल लावलं की अडलेली बाई सुटलीच म्हणून समजा, अख्ख्या गोखिवऱ्यात विचारा! खरं सांगायचं तर सुटणारी आपली सुटते नि नाव माझं होतं. मी काळा दगड. तेव्हा 'बोलतेय' नको, 'बोलतोय'च बरं.

कुणा पाथरवटाने माझ्यावर बाळंत होणारी बाई कोरली, गुडघे वर घेतलेली. मानेवर डोकं नाही, उमललेलं कमळ. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही, पण एवढं कळायचं, की डोकं नाही म्हणून बायका माझ्यापुढे लाजत नाहीत. मी भाजीच्या वाडीत बांधावर उघडाच असे. कुणाची लेक-सून अडली की तिच्या घरची बायामाणसं यायची, पोटावर खोबरेल ओतायची, नवऱ्याला सांगणार नाहीत ते मला सांगायची. मीही कमी नाही. तेलावरून हात सटकवून एखादीला पार माझ्या मांडीवर बसवायचो!

मग वाडी गेली, बिल्डिंगा आल्या. सत्त्याण्णव साली सोसायटीचे सेक्रेटरी चंद्रहास मला बघायला आले आणि बघताच त्यांनी तोंड फिरवलं. पोरीबाळींची वाट म्हणून मला साडी गुंडाळली. झिजल्या कमळाला बोट लावून म्हणाले, "अहो, हिचं डोकं फुटलंय! भंगलेली मूर्ती दारात? सगळ्यांना बाधेल."

स्वतः ऑफिसात साहेबापुढे मान वर करत नाहीत, देवीला मात्र डोकं हवंच!

कमळावर सिमेंट थापून डोकं बसवलं. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्याने बटाट्याएवढे डोळे काढले, लालभडक जीभ काढली. मी उग्रचंडी झालो.

तेल बंद झालं. टाचण्या टोचलेली लिंबं येऊ लागली. आता बायका येतात त्या जावेचं नाव पुटपुटायला, शेजारणीचं वाटोळं मागायला. मी हसायला जातो, तर सिमेंटचं तोंड हलत नाही.

आज भरदुपारी सत्यवती आली, जुन्या वाडीवाल्यांतली. तिची सून रीमा वसईच्या इस्पितळात सकाळपासून अडलीय. आधीची दोन पोटातच गेली. सत्यवतीच्या हातात तेलाची वाटी. रविवार, त्यामुळे चंद्रहास आडवे यायला घरीच.

"मावशी, आता ही कडक देवी आहे. बाळंतपणाचं इथे काही नको. उलटेल."

"माजी दोनी पोरां हिच्याच तेलावर झाली, साहेब. सरा बाजूला."

साहेब सरले. सत्यवतीने माझी साडी सोडली, वाटी कलती केली आणि वर पाहिलं. हात जागीच थांबला.

जन्मभर थट्टा केली, पण आज कळवळून म्हणालो, "अगं, मीच ती, बिनडोक्याची! डोकं यांचं, पोट माझंच आहे. ओत गं तेल, पोर तिकडे अडलीय."

ऐकलं की नाही, देव जाणे. तेलाला दृष्ट लागू नये म्हणून वाटीवर पदर धरून ती एक पाऊल मागे सरली. माझ्या रंगवलेल्या डोळ्यांत बघत म्हणाली,

"तू आईच हायस ना? मंग आदी डोले मिट."