पंगतीतल्या किंजलचा फोटो

"जेवत्या पोरीचा फोटू कोणाला काढू देऊ नको गं मेघाली," सासूबाई म्हणाल्या होत्या. "नजर लागते."

मला हसू आलं. "लागली तर तुम्ही मीठ-मोहऱ्या ओवाळालच की."

 त्यांनी किंजलच्या गालावरचा काजळाचा ठिपका बोटाने जरा मोठा केला आणि तिला माझ्याकडे दिलं.

किंजल माझी मुलगी, तिसरं वर्ष लागलेली. सासर घिवलीचं, पण ललितची नोकरी तारापूरच्या कारखान्यात, म्हणून आम्ही तिघं बोईसरला भाड्याने राहतो. त्या पावसाळ्यात तिला टायफॉइड झाला. ताप गेला, पण भूक परत आली नाही. केस गळायला लागले तेव्हा सासूबाईंनी राहिलेलं जावळ काढून घेतलं. बोडकं डोकं, मोठे डोळे, काटकुळी मान. घास तोंडाशी नेला की ती तोंड फिरवायची. आंघोळ घालताना माझा हात तिच्या पाठीवरून फिरायचा आणि प्रत्येक हाड वेगळं लागायचं.

हे मी एकाच बाईला सांगितलं होतं. ज्ञानेश्वरीला. ती समोरच्या फ्लॅटमधली, मूळची लातूरकडची, नवरा वीज केंद्रात.

"तू दिवसभर घरात बसून पोरीच्या बरगड्या मोजतीस," ती म्हणाली. "त्यापेक्षा पळ की माझ्याबरोबर. पोरगीही सुटंल तुझ्या तावडीतून थोडा वेळ."

म्हणून मी पळायला लागले. आधी कॉलनीच्या कंपाउंडला फेऱ्या, मग नवापूर रस्ता, मग थेट समुद्रापर्यंत. ज्ञानेश्वरी एका संस्थेचं काम करायची. मासवणच्या बाजूला एका पाड्यावर लहान मुलांसाठी रोज दुपारी खिचडी शिजायची, ती या संस्थेची. हिवाळ्यात त्यांनी मॅरेथॉन ठरवली: पालघरहून बोईसरमार्गे चिंचणी, तिथे वळून परत पालघर. प्रत्येकाने आपल्या ओळखीच्यांकडून देणगी मिळवायची आणि त्यांच्या नावाने धावायचं. मीही नाव दिलं. कॉलेजच्या मैत्रिणी, माहेरची माणसं, ललितच्या कारखान्यातले लोक, सगळ्यांना मागितलं. मागताना लाज वाटली नाही. उपाशी पोरांसाठी मागत होते.

धावण्याआधी एकदा तरी ते स्वयंपाकघर बघून ये, असं ज्ञानेश्वरी म्हणाली. सासूबाई तेव्हा आमच्याकडे आल्या होत्या; त्यांनी काजळ मोठं केलं ते त्याच सकाळी.

पाड्यावर पत्र्याच्या शेडखाली पोरांची पंगत बसली होती. ज्ञानेश्वरीने फोन काढला तशी एक बाई पुढे आली. रखमा तिचं नाव.

"आमाला नाय काडायचा फोटू."

"अगं, देणाऱ्यांना दाखवावं लागतं."

"त्यांना सांग, पोरां जेवली. जेवाया देता तं द्या. फोटू नाय."

बाकीच्या बायाही तिच्यामागे उभ्या राहिल्या. ज्ञानेश्वरीने तोंड वाकडं केलं आणि फोन खाली घेतला. मला रखमाचं बरोबर वाटलं. पण माझं लक्ष किंजलकडे होतं. ती माझं बोट सोडून पंगतीत जाऊन बसली होती. शेजारी रखमाची मुलगी होती, बायडी नावाची, चार-पाच वर्षांची असेल. तिने आपल्या ताटातली खिचडी चिमटीत घेतली, फुंकली आणि किंजलच्या तोंडाशी नेली.

किंजलने तोंड उघडलं.

मग पुन्हा उघडलं. बायडी एक घास आपण घ्यायची, एक किंजलला द्यायची. मी तिथेच उकिडवी बसले. किती आठवड्यांनी माझी पोर स्वतःहून जेवत होती.

"हिचा तरी काढू का?" ज्ञानेश्वरीने विचारलं.

"काढ, काढ," मी म्हटलं. "ललितला पाठव. त्याला खरं वाटणार नाही."

एवढंच माझ्या तोंडून गेलं.

मॅरेथॉनच्या दिवशी पहाटे पालघरहून सुटलो तेव्हा गारठा होता. उमरोळीपर्यंत पाय हलके होते. बोईसरमध्ये रिक्षावाले बघत उभे होते, एक जण ओरडला, "भाभी, छोड दूँ क्या?" आम्ही सगळ्या हसलो. कारखान्यांचा वास मागे पडला, सुरूची झाडं दिसायला लागली. चिंचणीच्या वळणावर ललित, सासूबाई आणि किंजल येणार होते. ज्ञानेश्वरी तिथेच केळी आणि पाणी वाटायला होती. पाय भरून आले तेव्हा मी तेवढंच डोळ्यांसमोर ठेवलं: किंजल टाळ्या वाजवेल.

आधी मला सासूबाई दिसल्या. रस्त्याकडे तोंड करून खुर्चीवर बसलेल्या, मांडीवर किंजल. पुढे एक अनोळखी बाई वाकून किंजलच्या हातात बिस्किटाचा पुडा कोंबत होती.

"घे बाळा. बिचारी. आणलंय वाटतं हिला इथे."

"आमचे पोरीला कशाला?" सासूबाई म्हणत होत्या. "आमी घिवलीचे. घरी वाडी हाय आमची. बिचारी कोण?"

ती बाई सासूबाईंच्या डोक्यावर बघत होती. मीही वर बघितलं.

दोन बांबूंना फलक बांधला होता, माणसाएवढा उंच. त्यावर माझी किंजल. रंग काढून टाकलेले. गालावरचा ठिपका पुसलेला. बोडकं डोकं, मोठे डोळे, तोंड उघडं. तो घासाची वाट बघतानाचा क्षण होता, पण घास फोटोत नव्हता. कडेला फक्त दोन बोटं उरली होती, बायडीची. खाली लिहिलं होतं: 'चिमी दोन दिवसांनी जेवते आहे. तुमचं प्रत्येक पाऊल तिच्यासाठी एक घास.'

मी थांबले. मागून येणारी माणसं बाजूने गेली. कोणीतरी "चला, चला" म्हणत टाळ्या वाजवल्या.

ज्ञानेश्वरी केळं घेऊन धावत आली. माझा चेहरा बघून तिचा हात खाली गेला.

"तिचं नाव किंजल आहे," मी म्हटलं.

"नाव बदललंय म्हणूनच. कोणाला कळणार नाही."

"ती माझ्या सासूच्या मांडीवर बसलीय, फलकाखाली. कळणार नाही?"

"मेघाली, ऐक. पाड्यावरच्या बाया काढू देत नाहीत. रडकं पोर दिसल्याशिवाय लोक हात खिशात घालत नाहीत. मी काय करू? तुझ्या पोरीचं काय गेलं त्यात?"

"मला विचारायचंस."

"विचारलं की," ती म्हणाली. "ललितला विचारलं. तो हो म्हणाला. मला वाटलं, त्यानं तुला सांगितलं असंल."

ललित पाण्याच्या पिंपाशी उभा होता. तो जवळ आला नाही. तेव्हाच माझं लक्ष बांबूकडे गेलं. फलक निळ्या दोरीने बांधला होता. आमच्या घिवलीच्या पडवीत सासूबाई कपडे वाळत घालतात, ती दोरी.

"तू बांधलास?"

"काल माणसं कमी होती," तो म्हणाला. "अगं, चांगल्या कामासाठी आहे."

"खालचं वाचलंस?"

 तो हळूच म्हणाला, "तुझी तयारी चालली होती. तू उगाच डोक्यात घेतलं असतंस. तू प्रत्येक गोष्ट घेतेस."

मी गाठ सोडायला लागले. घामाने बोटं घसरत होती. "लोक बघतायत," ललित दोनदा म्हणाला. सासूबाई उठल्या, वळल्या आणि त्यांनी प्रथमच वर बघितलं. वाचायला त्यांना वेळ लागला. मग त्यांनी किंजलला माझ्याकडे दिलं आणि दुसऱ्या बांबूची गाठ स्वतः सोडली. लेकाला त्या एवढंच म्हणाल्या, "माझी सून पोरीला उपाशी ठेवते, असं लिवून टांगलंस तू." फलक खाली आला तेव्हा मी किंजलला घेऊन रिक्षात बसले. पालघरला परत धावत गेले नाही.

मी सांगितलं म्हणून संस्थेने फोटो सगळीकडून काढला. ज्ञानेश्वरी जिन्यात भेटली की मान वळवते. ललितशी मी बोलते. भाजी काय आणू, शिफ्ट कोणती. किंजल आज काय जेवली, हे मात्र त्याला सांगत नाही, आणि तो विचारत नाही.

पुढच्या महिन्यात मी बायडीसाठी डबा घेऊन पाड्यावर गेले. शेड होती, चूल नव्हती. एक म्हातारी ओट्यावर बसली होती.

"खिचडी गेली," ती म्हणाली. "तिकडं दुसऱ्या पाड्याव. तिकडचे बाया फोटू काडू देतात."

"आणि रखमा?"

"वीटभट्टीव गेली. पोरगी पन. इथं ऱ्हाऊन काय खाल?"

कुठली भट्टी ते तिला माहीत नव्हतं. मनोरच्या पुढे कुठेतरी, मुकादमाच्या टेम्पोतून गेले, एवढंच. मी दोन भट्ट्यांवर जाऊन आले. दोन्हीकडे रखमा नावाच्या बाया होत्या, ही नव्हती. सासूबाई घिवलीला असतात. किंजलला घरी ठेवून मला रोज जाता येत नाही, आणि आता कोणाकडे तिला सोडावं, असा भरवसाही राहिलेला नाही.

तुम्ही त्या बाजूला राहत असाल, मनोर, वाडा, कुडूस, कुठेही, आणि जवळ भट्टी असेल, तर एकदा जाऊन या. चार-पाच वर्षांची मुलगी, नाव बायडी. दुसऱ्याला भरवताना घास आधी फुंकते. ती जेवली का, विचारा. आईला विचारू नका, ती हो म्हणेल. बायडीला विचारा.