संडासात घुरघुरणारा सासरा

व्हिएतनाममधल्या हाय फोंग शहरातल्या त्या अरुंद गल्लीतली सगळी माणसं लुआकाकूंच्या संडासापुढे हात जोडून उभी होती. हो, संडासापुढेच! उकडलेली कोंबडी, चिकट भात, दारूचा पेला, असा नैवेद्य कमोडसमोर मांडला होता. भगत खांगने तीनदा घंटा वाजवली. क्षणभराने कमोड घुरघुरला, आतलं पाणी आपोआप खाली गेलं आणि असा दर्प सुटला की पुढची रांग मागे सरकली.

"प्यायले! तहानलेत म्हातारबाबा!" भगत ओरडला. "मेल्याचा शंभरावा दिवस घातला, तरी जीव घरातच घुटमळतोय. का? सुनेचा पायगुण! पौर्णिमेच्या आत तिला माहेरी धाडा, नाहीतर पुढचा नंबर लेकाचा."

गेलेल्या नवऱ्याच्या आठवणीने लुआकाकूंनी डोळे पुसले. सून तुएतचं बोचकं त्यांनी सकाळीच बांधून दाराशी ठेवलं होतं. तुएतने नवऱ्याकडे पाहिलं. दोआन फरशीकडे बघत होता. वा रे मर्दा!

या घरात तिला पहिल्या दिवसापासून 'गटारवाल्याची पोर' म्हणत. तिचे वडील जन्मभर संडासाचे पाइप बसवत आले होते. पाणी पिणारं भूत तिने कधी पाहिलं नव्हतं, तुंबलेले पाइप मात्र ढिगाने पाहिले होते. आणि दर वेळी घंटा वाजायच्या आत भगताचा मेहुणा 'वरचा मजला शुद्ध करायला' जातो, हेही तिने हेरलं होतं.

"जाते मी," ती म्हणाली. "पण आधी बाबा एकदा माझ्यासमोर पिऊ देत. तुमचे मेहुणे इथेच बसतील."

"मृतात्म्याची परीक्षा घेतेस, भवाने?"

"एवढे तहानलेत ना? मग पितील की!"

गर्दीत कोणीतरी फिस्सकन हसलं. भगताला घंटा वाजवावीच लागली. तीनदा, सहादा, बारादा. कमोड ढिम्म.

तुएत वरच्या मजल्यावरच्या संडासात गेली आणि तिने फ्लशची टाकी ओढली. खाली लगेच घुरघुर! मग ती छपरावर गेली. परतली ती हातात वाळूने माखलेलं लाल फडकं आणि जळक्या उदबत्त्या घेऊन.

"शंभराव्या दिवशी या भगतानेच छपरावरचा पाइप 'बाबांचं नाक' म्हणून फडक्याने बुजवला आणि वर वाळू घालून त्यात उदबत्त्या खोचल्या. आवाज कधीपासून येतोय? त्या दिवसापासूनच ना?" ती म्हणाली. "तेलाच्या डब्याला आपण दोन भोकं का पाडतो? एकातून तेल पडतं, दुसऱ्यातून हवा आत जाते. तो पाइप म्हणजे हवेचं भोक. ते बुजवलं, की वरून कोसळणारं पाणी या कमोडमधलं पाणी ओढून इथून हवा घेतं. तेच घुरघुरतं. आणि इथलं पाणी कमी झालं, की गटाराचा वास घरात. दोआन, आता जा वर, ओढ टाकी!"

वर धो धो पाणी गेलं. खालचा कमोड गप्प राहिला.

भगत मागच्या दाराने सटकला. कोंबडी मात्र न्यायला विसरला नाही, हरामखोर.

"मी रोज सकाळी इथे येऊन त्यांच्याशी बोलत होते गं," लुआकाकू पुटपुटल्या.

तुएतचा राग थोडा उतरला. "बोला ना आई, फोटोसमोर बोला. पण पुन्हा आवाज आला तर भगताआधी छप्पर बघा. आणि घरातलं माणूस बाहेर काढण्याआधी निदान एकदा टाकी तरी ओढून बघा."

दाराशी ठेवलेलं बोचकं लुआकाकूंनी स्वतः उचललं आणि आत नेऊन ठेवलं.