एकशे ऐंशी खिसे

सातव्या रांगेतल्या मधल्या सीटच्या खिशात बाळाबाईनं हात घालून चाचपलं. सूचनांचं कार्ड होतं, ओकारीची कागदी पिशवी नव्हती. ती मागं वळली.

"बाई, हितं बी एक पायजे."

अदिती ही या विमानातली हवाईसुंदरी. हवाईसुंदरी म्हटल्यावर जे डोळ्यांपुढं येतं त्यातलं आत्ता तिच्याकडं काही नव्हतं. हातात रबरी मोजे, वर सरकवलेल्या बाह्या आणि कोपराला लटकवलेली कचऱ्याची पिशवी. जवानांना न्यायला भाड्यानं घेतलेलं विमान सांबऱ्याच्या विमानतळावर जेमतेम तासभर थांबणार, आणि सफाईला माणसं दोनच, म्हणून तीही कामाला लागली होती.

"मावशी, इतकं कुणी तपासत नाही हो," पिशवी देत ती म्हणाली.

"गाडी लागती एकेकाला."

"जवानांना?"

 बाळाबाईनं फडकं पिळलं आणि पुढच्या सीटकडं सरकली.

गाडी लागायची ती स्वरूपला, तिच्या एकुलत्या एका मुलाला. लहानपणी निपाणीच्या एसटीत बसवला की संकेश्वर यायच्या आत त्याचा चेहरा पांढराफटक पडायचा. पोरगा फौजेत गेला, छाती रुंद झाली, पण पोट होतं तसंच राहिलं. रजा संपवून तो काल संध्याकाळी लष्कराच्या कॅम्पात हजर झाला. जाताना म्हणाला होता, उद्या रेल्वेनं निघणार. आणि आज सकाळी सुपरवायझर नागेंद्रनं सांगितलं, कॅम्पातल्या जवानांचं विमान आहे, नीट काम करा. बाळाबाई काय ते समजली. आईच्या जिवाला घोर नको म्हणून लेकानं रेल्वे सांगितली होती.

खोटं तिनंही सांगितलं होतंच. भरती झाला त्या दिवशी स्वरूपनं तिचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला होता, यापुढं दुसऱ्याचं उष्टंखरकटं काढायचं नाही म्हणून. पैसा वेळेवर यायचा, कशाला कमी नव्हतं. पण एके दिवशी दूध उतू गेलं तेव्हा ती पातेल्याशीच भांडत बसली. भांडून झाल्यावर आपलं आपल्यालाच ऐकू आलं, आणि घर खायला उठलं. दुसऱ्या दिवशी ती नागेंद्रकडं गेली. निदान चार माणसांचे आवाज तरी कानांवर पडतील. स्वरूपला मात्र फोनवर सांगायची, रानात जाते.

स्वरूपच्या रजेच्या वीस दिवसांत तिनं नागेंद्रला आजारी असल्याचं कळवलं होतं. आज पहिलाच दिवस, आणि नेमकं हे विमान.

लेक कुठल्या सीटवर बसेल, हे कुणाला विचारायची सोय नव्हती. मग एकच उपाय होता. एकशे ऐंशीच्या एकशे ऐंशी सीटा त्याच्याच समजायच्या. लांब दांड्याचा मॉप एकच, तो जोडीच्या मालुबाईकडं, मधल्या वाटेपुरता. बाळाबाई गुडघे टेकून सीटांखाली फडकं फिरवत होती. हात टेकायच्या जागा, पट्ट्यांची बकलं, खिडक्या. मालुबाई दोनदा करवादली, की तुझ्या घरचं लगीन हाय काय.

"पाणी मागत्यात का वो ही पोरं?" बाळाबाईनं अदितीला विचारलं.

"तेच तर मागत नाहीत. बेल दाबतच नाहीत. घसा कोरडा पडला तरी गप्प बसतात."

"मग तुमीच फिरा की मधनं मधनं."

अदिती थांबली. "मावशी, कोण आहे तुमचं यात?"

सांगावंसं फार वाटलं. नाव नुसतं ओठांवर आलं होतं. पण ही मुलगी वर जाऊन त्याला प्रेमानं बोलली असती, की तुमच्या आईनं पुसलंय सगळं.

"कोण न्हाई," बाळाबाई म्हणाली.

"बेगा बेगा उतरा," मागच्या दारातून नागेंद्र ओरडला. "लोक आलं."

तिचा हिशेब इथं चुकला. तिला वाटलं होतं, जवान पुढच्या दारानं चढतील. पण निम्मी रांग मागच्या शिडीच्या पायाशीच उभी होती. तिनं मास्क डोळ्यांपर्यंत ओढला, टोपी खाली केली. गुडघे आखडले होते, त्यांवर साडी ओली होती. एका हातात बादली-फडकं, दुसऱ्यानं कठडा धरून, घरच्या पायऱ्या उतरते तशी आडवी होऊन, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत ती उतरली.

रांगेत चौथा स्वरूप होता. हाताच्या अंतरावरून ती गेली. तो ताठ उभा होता, नजर समोर, पापणीसुद्धा हलली नाही.

सुटले, असं तिला वाटायला हवं होतं. वाटलं ते भलतंच. आपल्या पोटच्या पोरानं आपल्याला ओळखलं नाही, याचं वाईट वाटलं. तोंड आपणच झाकलं होतं, तरीही वाटलं. विमान उडून दिसेनासं झालं, तरी बादली घेऊन ती सफाईच्या सामानाच्या गाड्याजवळ उभी होती.

दिवेलागणीला फोन आला.

"आई, पोचलो."

"कुठं रं?"

"ते सांगाय येत न्हाय."

"रेल्वेत गर्दी हुती?"

"न्हाय. लई स्वच्छ हुती. पाणी बी चारदा इचारलं."

"वकारी?"

"आली एकदा. खिशात पिशवी हुती."

बाळाबाई उंबऱ्यावर बसली. रेल्वेच्या कुठल्या खिशात पिशवी असते, हे तिनं विचारलं नाही. तोच पुढं म्हणाला,

"तू काय केलंस आज?"

"रानात गेलते."

 तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आई."

"बोल की."

"रानात गुडघं टेकून काम करू नगंस. लांब दांड्याचा मॉप मिळतोय का बघ."

बाळाबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"उद्या इचारते," ती म्हणाली.