उष्टा क्लॅरिनेट

"विकायचा नाहीये, हिराइवा-सान. शाळेला देण्याजोगा आहे का, तेवढं बघून सांगा," असं म्हणून सेत्सुको नागुमोंनी पेटी टेबलावर ठेवली, पण झाकणावरचा हात लवकर काढला नाही. त्यांची मुलगी कानाए शाळेच्या बँडमध्ये हा जुना क्लॅरिनेट वाजवायची. ती गेली त्याला हा दुसरा हिवाळा. नवऱ्याचं म्हणणं, घरात ठेवून रडत बसण्यापेक्षा कुणा पोराला वाजवू दे.

बाई बर्फातून परत गेल्या आणि वाद्यं दुरुस्त करणारे म्हातारे हिराइवा कामाला लागले. शिकाऊ पोरांसाठी केलेलं, चाळीस वर्षांपूर्वीचं वाद्य. हिमीसारख्या लहान गावात सोडाच, तोक्योच्या बाजारातही त्याला कुणी हिंग लावून विचारलं नसतं. पण नळीला कुठे तडा नव्हता, चाव्या सरळ होत्या. वाजवून पाहिला तर खालचा सूर असा भरून आला की म्हातारा खूश झाला.

त्यांना एक खोड होती. दुसऱ्याच्या तोंडातली वस्तू दुकानातून उष्टी जाऊ द्यायची नाही. तोंडात धरायच्या काळ्या टोकावर वरच्या दातांचे दोन खळगे पडले होते. ते त्यांनी पॉलिशपेपरने घासून अगदी गुळगुळीत केले.

दुपारी बाई आल्या. पेटी उघडून त्यांनी आधी त्या टोकावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"दात कुठे गेले?"

हिराइवांची नजर पॉलिशपेपरकडे गेली.

"स्मशानात सगळ्यांनी काड्यांनी तिची हाडं वेचली," बाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "मी दात शोधत होते. एकही सापडला नाही. हे दोन होते. तेवढं टोक तिच्यासाठी नवं घेतलं होतं, त्यावर दुसऱ्या कुणाचेच दात नव्हते."

हिराइवांनी डोकं पार टेबलापर्यंत वाकवलं. काम चोख केल्याची इतकी लाज त्यांना कधीच वाटली नव्हती.

"बाकी कसा आहे?" बाईंनी विचारलं. "द्यावा लागेल ना?"

धडधाकट वाद्याला हिराइवांनी जन्मात वाईट म्हटलं नव्हतं.

"देण्याजोगा नाही. आतून तडकलाय. घरी सांगा, हिराइवाने बघितलाय."

मग ते कामाच्या टेबलाशी गेले. पॉलिशपेपरखाली काळी पूड अजून पडून होती. मऊ कुंच्याने त्यांनी ती पांढऱ्या कागदावर गोळा केली. चिमूटभरही भरली नाही. घडी घालून पुडी त्यांनी दोन्ही हातांनी पुढे केली.

बाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली, पेटीत फुंकायच्या वेताच्या पट्ट्या ठेवायच्या छोट्या कप्प्यात ठेवली आणि झाकण अलगद लावलं.